आम्ही तिचा सत्कार केला

आमच्या मंडळाला सत्काराची फार हौस. कुणाचा मुलगा बारावीत चमकला, कुणी निवृत्त होऊन पुण्याला परत निघालं, कुणी नुसतंच इथे बरीच वर्षं टिकलं, की झालाच सत्कार. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि माइकवर मी. निवेदन कित्येक वर्षं माझ्याकडेच आहे. मला बोलायचं थांबता येत नाही म्हणून, असं नवरा म्हणतो. मला मराठी बरं येतं म्हणून, असं मी म्हणते. शारजा-दुबईतल्या निम्म्या मराठी माणसांच्या खांद्यांवर शाल पडताना मी दोन पावलांवर उभी होते. शाल कशी पांघरतात हे मला कुणी शिकवायला नको. तरीही त्या रविवारी जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि मी हसले.

शारजात, अल मजाज भागातल्या आमच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडच्या फ्लॅटमध्ये, एक इराणी बाई एकटी राहते. माझ्याच वयाची, पन्नाशीकडे झुकलेली. रुंद खांदे, कानापर्यंत कापलेले केस, अर्धे पांढरे, आणि ते रंगवायची तिला गरज वाटत नाही. एका शाळेत ती मुलांना पोहायला शिकवते. तिची माझी ओळख झाली ती आमच्या इमारतीच्या पूलमध्ये, बायकांच्या वेळेत. मी टी-शर्ट आणि लेगिंग्ज घालून पायरीवर पाय बुडवून बसले होते आणि ती आडवी पलीकडे जाऊन परत आली होती. वर बघून, इथेच शिकलेल्या हिंदीत म्हणाली, "पैर धोने आई हो?" मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी पाण्यात उतरले.

पुढे मी मंडळातल्या आणखी सात-आठ जणींना ओढून आणलं. जन्मात कधी विहिरीत डोकावल्या नसतील अशा बायका. कुणी मंगळसूत्र टी-शर्टच्या आत खोचलेलं, कुणी डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. कडेला स्टीलचा एक दांडा आहे, तो सगळ्या जणी गच्च धरून उभ्या. ती आमच्यातून फिरायची, पाठीखाली तळहात लावायची आणि म्हणायची, "हाथ छोड़ो. पानी पकड़ेगा." उन्हाळा संपेपर्यंत सगळ्या सुटल्या. एक मी सोडून. माझे पाय टेकतात तिथपर्यंत मी उत्तम पोहते. खोल बाजूला गेले की माझा हात आपोआप दांड्यावर जातो आणि मग तिने कितीही सांगितलं तरी तो सुटत नाही. ती कधी रागावली नाही. "इन्शाल्ला," एवढंच म्हणायची.

तिची मुलगी तेहरानला आजीकडे राहून शिकते. हे सगळ्यांना माहीत होतं. पुढचं फक्त मला माहीत होतं, कारण ते तिने माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या ओट्याला टेकून मला एकटीला सांगितलं होतं.

ती मुलगी डोक्यावर काही न घेता कॉलेजात जायला लागली. तिच्याबरोबरच्या आणखी काही जणीही. कॉलेजने बोलावून घेतलं आणि यापुढे डोकं झाकीन असं लिहून द्यायला सांगितलं. ती नाही म्हणाली, तशी तिला परीक्षेला बसू दिलं नाही. आईने इथून फोनवर तिला फैलावर घेतलं. आई म्हणून घाबरली होती ती. अशा मुलींचं तिथे काय काय होतं हे तिला ठाऊक होतं. "मैं बोली, एक कपड़ा है बाबा, डाल दो, साइन करो, खलास." पलीकडून मुलगी शांतपणे म्हणाली, "तेही हेच म्हणतात, आई. कापडच तर आहे." आणि तिने आईशी बोलणं टाकलं.

किती तरी महिने ती बोलली नाही. मग एके दिवशी आईने तिला लिहून पाठवलं, की तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. तू तिथे डोक्यावर घेत नाहीस ना, मग मीही घेणार नाही, जगात कुठेच नाही. मुलीने त्यावर नुसता एक लाल बदाम पाठवला आणि दोघींचं बोलणं परत सुरू झालं. पण त्या शब्दाची किंमत अशी, की आईला घरी जाता येईना. इथून तेहरानचं विमान वर चढतं न चढतं तोच उतरायला लागतं, आणि उतरायच्या आधी बायका पर्समधून रुमाल काढून डोक्याला बांधतात. तो बांधल्याशिवाय ती विमानतळावरून बाहेर पडेल कशी? आणि बांधला तर मुलीला तोंड कसं दाखवेल? "मेरे पास उसका भरोसा है," ती म्हणाली, "और कुछ नहीं है." मी चहा गाळत होते. खरं सांगते, मनात मी म्हटलं, एवढं काय त्यात. आमच्या सासूबाई तर झोपेतसुद्धा पदर सरकू देत नाहीत.

सासूबाई त्या वेळी साताऱ्याहून आमच्याकडे व्हिजिट व्हिसावर आलेल्या होत्या. सासरे जाऊन काही वर्षं झालीत. नऊवारी सुटली, पण डोक्यावरचा पदर नाही. शेजारणीशी त्यांचं असं मेतकूट जमलं, की मला हेवा वाटावा. भाषा एकीचीही दुसरीला कळत नव्हती. ती छोट्या काचेच्या पेल्यातून बिनदुधाचा चहा आणायची, साखरेचा खडा दातात धरून कसा प्यायचा ते दाखवायची. सासूबाई तिला शेंगदाण्याचे लाडू द्यायच्या आणि मराठीत सगळ्या भावकीची गाऱ्हाणी सांगायच्या. ती त्यांना 'मादर' म्हणायची, या तिला 'पोरी'.

तेव्हा सत्काराची कल्पना माझीच. हळदीकुंकू आणि महिला मेळावा ठरत होता. (आमची संक्रांत पंचांगाला विचारून येत नाही, हॉल मिळेल त्या रविवारी येते.) मी कमिटीत म्हटलं, आपल्या बायकांना जिनं पाण्यात उतरवलं तिचा सत्कार करू. सगळ्यांना पटलं. अध्यक्षबाई त्यावर आणखी एक पायरी चढल्या. म्हणाल्या, "आणि तो तुझ्या सासूबाईंच्या हस्ते करू. हळदीकुंकवाला विधवा स्त्रीला मान. एकदम प्रोग्रेसिव्ह मेसेज जाईल." सासूबाई आधी नको म्हणाल्या. "मला कशाला पुढे करता गं? त्या कुंकवात माझं काय काम?" पण आतून त्यांना बरं वाटलेलं मला दिसलं. मी तर हवेतच होते. एका दगडात दोन बायकांचा उद्धार केल्यासारखं वाटत होतं मला.

मेळावा दोन-चार दिवसांवर आला आणि तिच्या देशात लोक रस्त्यावर उतरल्याच्या बातम्या यायला लागल्या. आधी बाजार बंद झाले, मग गावोगाव मोर्चे निघाले, मग गोळीबार झाला. मी रविवारी सकाळी तिला बोलवायला गेले तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि फोन हातातच होता. मुलगी रोज बाहेर पडत होती. "आज नहीं आ सकती, खानुम," ती म्हणाली, "माफ करो."

"दस मिनिट," मी म्हटलं. "सिर्फ दस मिनिट. मादर कब से साड़ी पहन के बैठी है."

यजमानाला दोनदा नाही म्हणायची त्यांच्यात रीत नाही. हे मला माहीत होतं, म्हणूनच मी सासूबाईंचं नाव पुढे केलं. ती हिरवा ड्रेस घालून आली.

हॉल खच्चून भरला होता. मी तिचा परिचय करून दिला, खूप टाळ्या मिळवल्या. मग सत्कार. आपला सत्कार कधी नीट बघितलाय का? आधी माणसाचे हात भरतात. एका हातात नारळ दिला, दुसऱ्यात पुष्पगुच्छ, त्यावर वाणाची स्टीलची डबी, तिच्यावर तिळगुळाची पुडी. ते सगळं छातीशी धरून माणूस उभा राहिला, की मग शाल. म्हणजे त्या वेळी त्याला स्वतःचं नाक पुसायचं म्हटलं तरी पुसता येत नाही.

सासूबाई बुटक्या, ती उंच. शाल नीट पडावी म्हणून ती वाकली. सासूबाईंनी शाल तिच्या खांद्यांवर टाकली, मागे सरून एकदा बघितलं, आणि त्यांचं समाधान झालं नाही. त्या पुढे झाल्या आणि शालीचा काठ त्यांनी तिच्या डोक्यावर ओढला. अगदी कपाळापर्यंत. एक बट बाहेर आली होती ती आत सारली. मग दोन्ही हात तिच्या चेहऱ्यावरून फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

सगळा हॉल "अय्या" म्हणाला. आणि हॉल असं काही म्हणाला, की त्यावर माइकवरून कडी करायची माझी सवय. मी मोठ्याने हसून म्हटलं, "बघा, आपल्याच घरची सून दिसते की नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, इकडे बघा." ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. तेवढ्या मोठ्या हॉलमध्ये ते एका माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस मी होते. तिने भरलेले हात जरासे वर उचलले, मला दाखवल्यासारखे. दोन पावलं पुढे होऊन काठ मागे सारायचा, एवढंच काम होतं. सासूबाईंना काय वाटेल, हे माझ्या मनात आलं. अध्यक्षबाई काय म्हणतील, हेही आलं. नंतर बघू, असं म्हणून मी हातातला कागद उलटला आणि उखाण्यांच्या स्पर्धेची घोषणा केली.

ती खाली उतरली. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर तिने सगळं ठेवलं, शाल काढली, घडीवर घडी नीट केली आणि फोन आल्याचं दाखवून बाहेर गेली. सासूबाईंनी मला विचारलं, "शाल आवडली नाही का गं तिला?"

"आवडली हो, आई," मी म्हटलं.

संध्याकाळी मंडळाच्या पेजवर फोटो आले. पूलवाल्या मैत्रिणींनी तिला हौसेनं टॅग केलं. माझी सोळा वर्षांची मुलगी माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावली. "ममा, डिड एनीवन आस्क हर?" मी म्हटलं, तू अभ्यास कर. आणि सगळ्यांनी दिला होता म्हणून मीही त्या फोटोला बदाम दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी. आत आली नाही. "वो फोटो. निकाल सकते हो?"

"हाँ हाँ, आज ही. इन्शाल्ला." इथे राहून काम टाळायला हा शब्द आपण कसा वापरायला शिकलो आहोत, ते तिला कळलंच असणार.

मी अध्यक्षबाईंना फोन केला. मुलीचं सगळं सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी मधेच थांबवलं. "अगं, शालच तर आहे! काय गोड फोटो आलाय, शेकडो लाइक्स आहेत. आणि हे बघ, आपण इथे पाहुणे. इराणचं पॉलिटिक्स आपल्या पेजवर कशाला? काढला तर उलट लोक विचारतील."

शालच तर आहे. हे वाक्य मी आधी कुठे ऐकलं होतं ते मला लगेच आठवलं. आणि मी, जिला थांबता येत नाही, ती म्हणाले, "हो, तेही बरोबर आहे."

त्यानंतर तिच्या देशातलं नेट बंद झालं. सगळंच. मेसेज जाईना, फोन लागेना, आजीच्या घरची साधी घंटीसुद्धा वाजेना. तिच्या मुलीने तो फोटो आला त्याच दिवशी बघितला होता. बघितल्याची खूण आली होती. त्यावर तिने एक अक्षर लिहिलं नव्हतं. आणि मग सगळंच बंद. रोज कुठून तरी बातम्या यायच्या, मेलेल्यांच्या, पकडून नेलेल्यांच्या. आमच्या मजल्यावर लिफ्टपाशी ती भेटली की मी मान खाली घालून किल्ल्या शोधायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा लिफ्ट यायला उशीर झाला तेव्हा ती आपण होऊन म्हणाली, "मुझे नहीं मालूम. गुस्सा है, या नेट नहीं है, या..." तिसरं ती बोलली नाही. लिफ्ट आली.

तिचं आमच्याकडे येणं बंद झालं, हे सासूबाईंना कळायला वेळ लागला नाही. त्या लाडू घेऊन गेल्या तर तिने दारातूनच हात जोडले, आणि तिचा चेहरा त्यांनी पाहिला. घरी येऊन त्यांनी मला विचारलं. मी सारवासारव करायला लागले, तिच्या देशात गडबड चाललीय वगैरे. तेवढ्यात माझी मुलगी खोलीतून बाहेर आली. नेहमी इंग्रजीत उत्तरं देणारी ती, आजीला कळावं म्हणून अडखळत मराठीत सगळं सांगत गेली. तिला कसं माहीत? शेजारणीकडे ती जाऊन बसत होती. रोज. मला पत्ताच नव्हता.

सासूबाईंनी हातातला लाडवांचा डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मला काय ठाऊक गं, तिच्याकडचं? मी लेक समजून घेतलं डोक्यावरनं. पण तुला ठाऊक होतं ना?"

"हो."

"मग तू माइकवर होतीस ना? एक शब्द बोलायचा. मी तिथंच काढली असती."

रागावल्या असत्या तर मला बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडून अध्यक्षबाईंना फोन लावून घेतला आणि म्हणाल्या, "त्या फोटोत मी आहे ना? मग मला नकोय तो तिथं. काढून टाका." एवढंच. राजकारण नाही, स्पष्टीकरण नाही. फोटो तेव्हाच निघाला. मला हे सुचलं नव्हतं असं नाही म्हणता येणार. त्या फोटोत मीही होते.

त्यांचा व्हिसा संपत आला होता. निघायच्या दिवशी बॅगा खाली गेल्या तरी त्या लिफ्टपाशी थांबून राहिल्या आणि शेजारणीची बेल वाजवली. ती बाहेर आली. सासूबाईंनी हात वर केला. ती परत वाकली, त्या दिवशी वाकली होती तशीच. सासूबाईंनी तिच्या उघड्या केसांवरून सावकाश हात फिरवला आणि तिच्या कपाळावर आलेली बट तशीच राहू दिली. मी बॅग धरून उभी होते. त्या दोघींचं मिटलं होतं, माझं नाही.

नेट हळूहळू सुरू झालं ते आणखी काही आठवड्यांनी. मला ते तिच्याकडून कळलं नाही. माझी मुलगी पळत आली आणि म्हणाली, "शी कॉल्ड! ममा, शी इज ओके!" मी सोफ्यावर बसले आणि रडले. मग तोंड धुतलं, आणि बायकांच्या वेळेत पूलवर गेले, कारण ती तिथे असणार हे मला माहीत होतं.

ती कडेला बसून टोपी हातात घोळवत होती. मी शेजारी बसले. मुलगी बरी आहे, म्हणाली. तिच्या वर्गातली एक मैत्रीण अजून घरी आलेली नाही. आजी सारखी दाराकडे बघत बसते. मी ऐकत राहिले. शेवटी मला राहवेना.

"फोटो देखा था उसने?"

"हाँ. उसी दिन."

"गुस्सा थी?"

"नहीं. शाल का कुछ पूछा भी नहीं. बोली, तुम्हारे हाथ भरे हुए थे, दिखता है." तिने पाण्याकडे बघितलं. "एक ही बात पूछी. पीछे माइक के पास जो औरत हँस रही है, वो कौन है?"

मी तो फोटो इतक्या वेळा बघितला होता. त्यात मी तिच्या खांद्यामागे तोंड भरून हसतेय, हे मी बघूनही बघितलं नव्हतं.

"तुम क्या बोली?" मी विचारलं.

"मैं बोली, मेरी स्टुडंट है." तिने टोपी डोक्यावर चढवायला घेतली, मग विचार बदलून कडेला ठेवून दिली. "अभी तक हाथ नहीं छोड़ती."

आणि ती पाण्यात उतरली. मीही उतरले. खोल बाजूला जाऊन ती वळली आणि माझी वाट बघत थांबली. मी दांडा धरून उभी होते.